कोड आणि कूळ

वाशीम जिल्ह्यांतील मेडशी येथें आमच्या आप्तांपैकीं एका मुलीच्या विवाहाची बोलणीं जुळत आलीं होतीं. इतक्यांत मुलीच्या आईच्या मनगटावर कोडाचे डाग आहेत असें कळलें, आणि 'कुळांत कोड आहे' एवढ्या एका वाक्यावर सोयरीक मोडली. आम्ही त्या बैठकींत हजर होतों व गप्प बसलों. म्हणूनच हा प्रश्न आज विचारास घेत आहों.

कोड आनुवंशिक आहे काय? लोक त्यास पांढरें कुष्ठ म्हणून कुष्ठरोगाशीं त्याचा घोटाळा करितात. कुष्ठरोग हा रक्तांतून उतरतो असें मत १८४७ सालीं नॉर्वेंतील डॅनियलसन व बोएक ह्यांनीं मांडलें होतें. १८७३ सालीं त्याच देशांत हॅन्सेन ह्यांस त्याचा जंतु आढळला व पुढें तें मत मागें पडलें. कोडाचें तसें नाहीं. त्यांत शरीराची संरक्षक शक्तिच त्वचेस रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, व ही प्रवृत्ति वारशानें येऊं शकते. पण प्रवृत्ति म्हणजे रोग नव्हे. २००३ सालच्या एका अभ्यासांत एकरूप जुळ्यांपैकीं एकास कोड असतां दुसऱ्यास तें १०० पैकीं २३ जोड्यांतच आढळलें. सख्ख्या भावंडांत तें प्रमाण शेंकडा सुमारें ६ होतें.

धोका थोडा असला तरी तो विचारांत घेण्याचा वरपक्षास अधिकार आहे, असें कोणी म्हणेल. तो अधिकार आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मधुमेहाची प्रवृत्तिहि वारशानें येते, आणि तो डोळे व मूत्रपिंडें निकामी करूं शकतो. कोड संसर्गानें पसरत नाहीं, कीं प्राण घेत नाहीं. त्याच बैठकींत दोन वडीलधारे बिनसाखरेचा चहा मागून घेत होते. त्यांचें कूळ कोणीं विचारलें नाहीं! तेव्हां भय आनुवंशिकतेचें नव्हे. डाग चारचौघांस दिसतो, ह्याचें आहे.

ह्या भयांतूनच असत्य जन्मतें. जें सांगितल्यानें लेकीचें लग्न मोडतें तें आई बाहीखालीं झांकते, आणि मग आपणच तिला फसवणुकीचा दोष देतों. सत्य सांगणें हें वधूपक्षाचें कर्तव्य खरेंच; पण तें शांतपणें ऐकून घेण्याची पात्रता अंगीं आणणें हें आपलें त्याहून आधींचें कर्तव्य होय.

मेडशीस आम्हांस एवढेंच बोलावयाचें होतें. तें बोललों नाहीं, हा दोष मात्र आम्हांस कोणाकडून वारशानें आलेला नाहीं.