त्रोवस येथे अडलेला प्रेषित

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, ओव्या ६ ते १५)



मागील वर्षी खरिपाची कामे आटोपत आली असता एका सायंकाळी आमच्या मंडळीतील एक तरुण शास्त्र काखेत घेऊन माझ्या घरी आला. ओसरीवर बसला, परंतु बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "पाळकसाहेब, मला देवाची आज्ञा झाली आहे. मी गाव सोडून जाणार."

मी विचारले, "आज्ञा कशी झाली?"

"रात्री प्रार्थना केली, डोळे मिटून शास्त्र उघडले आणि बोट ठेवले. देवाने अब्राहामास देश व भाऊबंद सोडून निघावयास सांगितले, त्याच ओवीवर ते पडले."

त्याच्या घरची स्थिती मला ठाऊक होती. बाप अंथरुणास खिळलेला, धाकटी बहीण शाळेत, तीन एकर कोरडवाहू जमीन आणि तिच्यावर सोसायटीचे कर्ज. मी त्यास म्हटले, "बाळा, ते बोट आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेवर पडले असते, तर तू राहिला असतास काय?" तो खाली पाहू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "खरे सांगू का? त्याआधी दोनदा ते दुसरीकडे पडले होते."

मी त्यास रागावलो नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी देवळात कौल लावला आहे. उजवे फूल पडले तर होय, डावे पडले तर नाही, अशा रीतीने त्यांनी लग्ने ठरविली आणि प्रवास मोडले. ती रीत आपण सोडली. परंतु कौल लावण्याची वृत्ती आपल्या पाठोपाठ मंडळीत आली आणि शास्त्राच्या पानांत शिरून बसली, असे कधी कधी वाटते. देवाचे वचन हे आपल्याशी बोलण्यासाठी दिले आहे, चिठ्ठी उचलण्यासाठी नव्हे. कोणी म्हणेल, प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या. होय, यहूदाच्या जागी मत्थियास नेमताना त्यांनी तसे केले. परंतु ते पहिल्या अध्यायात आहे. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरला, आणि त्यानंतर त्या सबंध पुस्तकात चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख पुन्हा येत नाही. तेथून पुढे मंडळी प्रार्थना करते, उपास करते, एकत्र बसून विचार करते आणि पाऊल टाकते.

तर मग देवाची इच्छा कशी ओळखावी? ह्या प्रश्नासाठी मी आपणांस त्रोवस बंदरावर घेऊन जातो.

पौल आपल्या दुसऱ्या फेरीस निघाला होता. ही फेरी दृष्टांत पाहून सुरू झाली नव्हती. पूर्वी ज्या गावी वचन सांगितले, तेथील बंधू कसे आहेत हे पाहून यावे, एवढाच विचार त्याने बर्णबापुढे मांडला होता. त्या साध्या कर्तव्यासाठी तो चालू लागला. मग सीला त्याचा सोबती झाला आणि लुस्त्र येथे तीमथ्य मिळाला. पुढे त्यास आसियात वचन सांगावयाचे होते. हा आसिया म्हणजे आजचे खंड नव्हे. रोमी राज्याचा त्या नावाचा एक प्रांत, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील. इफिस हे त्यातील मोठे नगर. परंतु पवित्र आत्म्याने त्यांस मनाई केली. मग ते उत्तरेकडे बिथुनियात जाऊ लागले. तेथेही येशूच्या आत्म्याने त्यांस जाऊ दिले नाही. उजवीकडे दार लागले, डावीकडे दार लागले. शेकडो मैल पायी तुडवून ते त्रोवस येथे समुद्रकाठी येऊन थांबले. आता पुढे पाणीच होते.

बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. पौलास मनाई झाली ती कोणत्या गोष्टीची? चोरीची नव्हे, दारूची नव्हे, शुभवर्तमान सांगण्याची. चांगल्या कामाचे दार देवाने स्वतः लावून घेतले. म्हणून ज्याचे दार लागले त्याचे पाप भोवले, असे कोणी एकदम म्हणू नये. आपल्या खेड्यांत हे फार लवकर म्हटले जाते. मुलास नोकरी मिळाली नाही, मुलीचे लग्न मोडले, उपदेशकाची बदली झाली, की लोक कुजबुजतात, "काहीतरी असेल." पौलाविषयी त्रोवस येथे असेच कोणी म्हणाले असते, तर ते साफ खोटे ठरले असते.

मग रात्री पौलास दृष्टांत झाला. मासेदोनियाचा एक मनुष्य उभा राहून विनंती करीत होता, की इकडे येऊन आम्हांस साहाय्य कर. ह्यापुढे लूक काय लिहितो ते नीट वाचा. दृष्टांत एकट्या पौलास झाला, परंतु निर्णय एकट्याने केला नाही. देवाने आपणांस तिकडे बोलाविले आहे, असे "आम्ही" ठरविले, असे लूक लिहितो. ह्या प्रवासाच्या कथेत "ते गेले, ते आले" असे चालत असता याच ठिकाणी प्रथम "आम्ही" हा शब्द येतो. सीला होता, तीमथ्य होता, आणि लूकही आता त्यांत मिळाला. चौघांनी मिळून तोलले आणि लागलीच गलबत पाहिले. ज्याला बंधूंसमोर ठेवण्याची आपणांस भीती वाटते, ते मार्गदर्शन देवाकडचे आहे की आपल्याच मनाचे, हे पुन्हा तपासावे.

आता ते समुद्र ओलांडून फिलिप्पै नगरास पोहोचले. स्वप्नात पुरुष दिसला होता. शब्बाथ दिवशी नदीकाठी भेटल्या त्या स्त्रिया. त्यांत लुदिया नावाची, जांभळी वस्त्रे विकणारी एक बाई होती. प्रभूने तिचे अंतःकरण उघडले. ती कोठली? लूक मुद्दाम सांगतो : थुवतीरा नगराची. आणि थुवतीरा कोठे आहे? आसियात! ज्या प्रांताचे दार पौलापुढे लागले होते, त्याच प्रांताची कन्या मासेदोनियात त्याच्या उपदेशाचे पहिले फळ झाली. पुढे योग्य वेळी तेही दार उघडले. पौल इफिस येथे राहिला आणि दोन वर्षांच्या अवधीत आसियात राहणाऱ्या सर्वांनी प्रभूचे वचन ऐकले, असे एकोणिसाव्या अध्यायात लिहिले आहे. देवाचे "नाही" हे पुष्कळदा "आता नाही" असते. आणि "तू म्हणतोस त्या वाटेने नाही" असेही असते.

तथापि मार्ग देवाचा होता म्हणून तो सुखाचा होता, असे समजू नका. त्याच फिलिप्पैत पौल व सीला ह्यांस फटके बसले आणि त्यांचे पाय खोड्यात अडकविले गेले. जो म्हणतो, "मला त्रास होत आहे, त्याअर्थी मी वाट चुकलो," त्याने त्या तुरुंगातील मध्यरात्रीची स्तोत्रे आठवावी.

आपल्या देशातील एक साक्षही घ्या. पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म १८५८ साली झाला. तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांनी दुष्काळात आईबाप गमावले. १८८३ साली त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे ते दार लागले. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतांत जाऊन त्यांनी अनाथ मुली व विधवा गोळा करून आणल्या. परंतु त्या वेळी पुण्यात प्लेगची साथ होती आणि इतक्या मुलींस शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुली आणलेल्या, आणि ठेवावयास जागा नाही! तेव्हा केडगाव येथे बागेसाठी घेतलेली जमीन कामास आली. तेथे त्यांनी मुलींस नेले, आणि पुढे ज्यास मुक्ती मिशन हे नाव मिळाले ते कार्य त्या माळावर उभे राहिले. ज्या कानांमुळे वैद्यकी हुकली, तेच घेऊन ही बाई अखेरपर्यंत कामात राहिली. सबंध शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर पुरे करून १९२२ साली प्रभूकडे गेली. रमाबाईंस केडगाव आधी दिसले नव्हते. दुष्काळातील मुलगी दिसली होती. तेवढे पाऊल त्यांनी टाकले.

आता मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मला लाज वाटते. माझ्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांत एका विधवेच्या मुलास मी ठासून सांगितले, "देवाने तुला पाळकपणासाठी बोलाविले आहे." मुलगा सुशील होता, गळा गोड होता, आणि माझ्या मंडळीतून एक तरी पाळक निघावा अशी मला हौस होती. तो गेला. एक वर्षाने परत आला. विद्या त्यास जड गेली आणि घरी शेत पडीक राहिले. परंतु ह्याहून मोठे नुकसान दुसरेच झाले. आपण देवास नकार दिला, असे त्यास वाटू लागले आणि तो उपासनेस येईनासा झाला. देवास त्याने नकार दिला नव्हता. मी माझी हौस देवाच्या तोंडी घातली होती. हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली. मग मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईदेखत क्षमा मागितली. त्याने क्षमा केली. आता तो येतो. परंतु अजून शेवटी, दाराजवळ बसतो. माझ्या सहसेवकांनो, उपदेशक व बायबल बायांनो, "देवाची इच्छा" हे शब्द उच्चारताना जीभ जपा. आपण प्रार्थना करावी, विचारावे, वचन दाखवावे. हाक मारणे देवाकडे राहू द्यावे.

मग साध्या मनुष्याने करावे तरी काय? पहिले हे, की जे देवाने स्पष्ट सांगितले आहे त्याविषयी चिन्ह मागत बसू नये. न्यायाने वागावे, दया करावी, देणे फेडावे, भावाशी समेट करावा, ह्यासाठी कोणासही दृष्टांताची गरज नाही. देवाची इच्छा कळत नाही अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळांनी कळलेली इच्छा बाजूस ठेविलेली असते. दुसरे, आपल्या हाती देवाने कोणती माणसे दिली आहेत ते पाहावे. तिसरे, विश्वासात मुरलेल्या दोघां-तिघांस विचारावे, आणि त्यांत आपल्या मनाविरुद्ध बोलेल असा एक तरी असावा. चौथे, इतके झाल्यावर जे पाऊल दिसते ते टाकावे.

विजेची पाळी रात्री आली म्हणजे तुम्ही पिकास पाणी द्यावयास शेतावर जाता. हातातील बॅटरीचा उजेड किती पडतो? चार पावलांपुरता. विहीर दिसत नाही, मोटार दिसत नाही. म्हणून तुम्ही दारातच उभे राहता काय? चार पावले चालला की पुढची चार दिसतात. वचन हा पावलांसाठी दिवा आहे असे स्तोत्रकर्ता म्हणतो, तो ह्याच अर्थाने. जो उभाच राहिला, त्याचा दिवा एकाच जागी उजेड पाडीत राहतो.

आता त्या तरुणाविषयी सांगून पुरे करतो. आम्ही त्याच्या बापाच्या खाटेजवळ बसलो. पंचांपैकी एक वृद्ध बंधू बरोबर होते. बाप म्हणाला, "मी त्याला अडवीत नाही, पण ह्या सालचे पीक निघू द्या." मुलाच्या डोळ्यांत पाणी आले; कारण बाप आपणांस जाऊच देणार नाही, असे धरून तो चालला होता, आणि त्याने कधी विचारलेच नव्हते! त्याने ज्वारी काढली, कर्जाचा एक हप्ता भरला. आता तो तालुक्याच्या गावी वीजतंत्रीचे काम शिकतो आणि रोज संध्याकाळी एस. टी.ने घरी येतो. एकदा मला म्हणाला, "पाळकसाहेब, अब्राहाम फार लांब गेला, मी अकरा मैलच जातो. देवाची आज्ञा एवढीशी असेल असे वाटले नव्हते."

वाचकहो, ती एवढीशी असू शकते. आणि तुमच्यापैकी जो कोणी आज त्रोवसच्या किनाऱ्यावर अडला असेल, जो उपदेशक दहा वर्षे एकाच कठीण गावी राबत असून फळ पाहत नसेल, ज्या मातेचे दार लागले असेल, त्याने व तिने इतके लक्षात ठेवावे : पौलापुढे जी दारे लागली ती लावणारा हात प्रभूचाच होता, आणि त्या हातात खिळ्यांचे व्रण होते.

हे प्रभू, आम्हांस सबंध वाट दाखीव असे आम्ही मागत नाही. आजचे पाऊल दाखीव, ते टाकण्याचे धैर्य दे, आणि आमची इच्छा तुझ्या नावाने खपविण्यापासून आम्हांस राख. आमेन.