आई, बाई आणि मधली जागा

भाची सध्या वेबसाइट कशी तयार करतात ते शिकते आहे. रविवारी आमच्याकडे आली आणि वसमतच्या हळदीवर एक पान करायला बसली. २०२४ मध्ये या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं तिला भारी कौतुक. ‘वसमत’ आणि ‘हळद’ या दोन शब्दांत चांगलं ऐसपैस अंतर दिसावं म्हणून तिने स्पेसची कळ दहा-बारा वेळा दाबली. पान उघडून बघितलं, तर दोन्ही शब्द नेहमीसारखे शेजारी शेजारी. ओळ मोडून पाहिली, तरी तेच. ब्राउझरची ही रीतच आहे. एक जागा सोडा, दहा सोडा किंवा मध्ये चार कोऱ्या ओळी घाला, मुद्दाम वेगळं सांगितल्याशिवाय तो ते सगळं एकच जागा धरतो. मग तिने त्या नावाला दोन क्लास दिले. क्लास म्हणजे मजकुराला लावलेली ओळख. ‘पिवळा’ म्हटलं की काय करायचं, ‘ठळक’ म्हटलं की काय करायचं, ते नियम आपण आधी लिहून ठेवायचे. क्लासची नावं देवनागरीत लिहिली तरी चालतात, हे मला त्या दिवशी कळलं. एकाच मजकुराला कितीही क्लास लावा. पिवळा आधी लिहा की ठळक आधी लिहा, दोन्ही लागू होतात. दोन नावांच्या मध्ये जागा मात्र हवी. नेमकी तीच तिच्या हातून राहिली. ‘पिवळाठळक’ असं लिहिलं गेलं आणि हळद होती तशीच काळ्या अक्षरांत राहिली. पिवळा कोण ते ब्राउझरला ठाऊक होतं, ठळक कोण तेही ठाऊक होतं. ‘पिवळाठळक’ नावाचं त्याच्या ओळखीचं कुणीच नव्हतं.

मला एकदम त्याच आठवड्यातली संध्याकाळ आठवली. मी शाळेत बाई, घरी आई, सासूबाईंची सून. चाचणीचे पेपर तपासून डोकं भरलेलं होतं. घरात पाऊल टाकते तोच धाकटा हातात चित्र घेऊन धावत आला. पोळ्याची बैलजोडी काढली होती. खाली मोठ्या अक्षरांत ‘बैलजोडि’ असं लिहिलं होतं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “डी दीर्घ हवी. दहा वेळा लिहून काढ.” तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “आई, तू अजून बाईच आहेस का?” मधली जागा राहून गेली होती. त्याच्यासमोर ‘आईबाई’ येऊन उभी होती आणि तिला तो ओळखत नव्हता. सासूबाईंना कळलं असतं. मोठी माणसं आपला चेहरा वाचतात आणि शब्द बरोबर तोडतात. जुने मोडी कागद वाचणारे असंच करायचे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जात, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती. जाणकार माणूस सरावाने कुठे शब्द संपला ते ओळखायचा. सात वर्षांच्या पोराकडे तो सराव कुठून येणार? त्याला समोर लिहिलेलं असेल तेवढंच वाचता येतं.

एकाच माणसाला पुष्कळ नावं असणं यात जड वाटण्यासारखं काही नाही. आपल्या हिंगोलीजवळच्या नर्सीचे नामदेव घ्या. घराणं शिंप्याचं. पंढरपुरात कीर्तनकार, औंढ्याच्या विसोबा खेचरांचे शिष्य, आणि पंजाबात घुमानला गेले तर तिथले भगत नामदेव. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. कुणी त्यांना आधी शिंपी म्हणेल, कुणी आधी संत म्हणेल. माणूस तोच, आणि एका नावाने दुसरं पुसलं जात नाही. मला हे फार धीर देणारं वाटतं. आपणही बाई आणि आई, दुकानदार आणि बाप, नर्स आणि लेक एकाच दिवसात असतो. एकाची वेळ आली म्हणून दुसरं टाकून द्यावं लागत नाही. आता मधली जागा म्हटली की आपल्याला मोठी सुट्टी आठवते. चार दिवस माहेर, निवांत झोप. ती मिळाली तर हवीच, शरीराला तिची गरज असते. पण बाईतून आई व्हायला एवढी लांब जागा लागत नाही. चपला काढून जोडीने नीट ठेवायला लागतो तेवढा वेळ पुरतो. माठातलं पेलाभर पाणी खाली बसून प्यायचं. सकाळी उलट दिशेनेही तसंच. एसटीत खिडकीशी बसलात की पहिला थांबा येईपर्यंत फोन पिशवीत राहू द्या, बाहेरची शेतं बघा. घर मागे राहिलं आणि काम अजून यायचं आहे, अशी ती दोन-चार मिनिटं तुमची असतात.

काल मी दाराशी थांबले. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, भिंतीला टेकून एक लांब श्वास घेतला. आतून आवाज आला, “आई, दारात काय उभी आहेस? ये ना आत.” गेले. तेच चित्र त्याने कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. बैलांच्या शिंगांना खरोखरचा लाल बेगड कापून लावला होता, चारही शिंगांना, कडा जुळवून. त्या दिवशी मला तो दिसलाच नव्हता.