या, आत या

गुरुवारी सकाळी चाकणच्या संग्रामदुर्गात गेले होते. आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. तटाजवळ सात-आठ जण गवत काढत होते. कुणाच्या अंगात कंपनीचा जुना शर्ट, कुणाच्या पायात सेफ्टी शूज. मी नुसतीच बघत उभी राहिले. तेवढ्यात त्यांच्यातले एक पन्नाशीचे गृहस्थ उठले. विळा बाजूला ठेवला, हात पँटला पुसले आणि म्हणाले, “या ताई, आत या. पहिल्यांदाच आलात का?” घराच्या ओसरीवरून बोलावतात ना, अगदी तसं. मग तट, खंदक, बुरूज दाखवत फिरले. हा भुईकोट, त्याला डोंगराचा आधार नाही. तरी 1660 च्या पावसाळ्यात किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे तो जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी भुयार खणून, सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा कुठे मोगलांना आत शिरता आलं. “मलाही हे ठाऊक नव्हतं,” ते म्हणाले. “बारा वर्षं इथूनच कंपनीच्या बसनं जात होतो. लक्ष फक्त तळेगाव चौकातल्या गर्दीकडे.”

त्यांच्या कामाची रीत मला फार आवडली. भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप जोरानं उपटायचं नाही, मुळाबरोबर दगडही सुटतो. मोठं झालं असेल तर जाणकाराला विचारायचं. पडलेला चिरा आपल्या मनानं उचलून बसवायचा नाही. आणि सिमेंट तर लावायचंच नाही. जुनं बांधकाम चुन्यातलं. सिमेंटमागे ओल अडकते आणि शेजारचा दगड झिजू लागतो. म्हणजे सेवा करायची, पण घाई करायची नाही. हे कुठं शिकलात, असं विचारलं तर म्हणाले, “निम्मं किल्ल्याच्या साफसफाई मोहिमेत, निम्मं कंपनीत लाइनवर. शिफ्ट सुटताना मशीन पुसून, हत्यारं जागेवर लावून मगच निघायचं असतं. पुढचा माणूस येणार असतो ना.”

हे शेवटचं वाक्य घरी येईपर्यंत माझ्या मनात राहिलं. माझी आजी पहाटे अंगण झाडून सडा घालायची. कुणी येणार असो वा नसो. आता वाटतं, ते झाडणं म्हणजेच कुणाची तरी वाट पाहणं होतं. म्हणून त्या गृहस्थांना विळा खाली ठेवणं जड गेलं नसावं. ज्याच्यासाठी गवत काढायचं तोच समोर उभा होता. आपलं बरेचदा उलटं होतं. फरशी पुसत असताना कुणी दारात आलं की कपाळाला आठी पडते. टेबलावर काम असताना नवखा माणूस काही विचारायला आला की आपण मान वर न करताच उत्तर देतो. कामाला त्यानं खरं तर दोन मिनिटंच उशीर होतो. पण त्या माणसाला ती आठी दिवसभर आठवते. आज तुमच्या गेटवर, लाइनवर, काउंटरवर एखादा नवीन पोरगा गोंधळून उभा असेल. कँटीन कुठं, लॉकर कुठला, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसेल. हातातलं क्षणभर खाली ठेवून त्याला “या” म्हणता येईल. नुसतं बोट न दाखवता चार पावलं सोबतही जाता येईल.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत शिवकाळाशी नातं सांगणारे बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात आपल्या मळवली स्टेशनजवळचा लोहगडही आहे. आता अशीच नवखी माणसं दूरदूरून लोकलनं, गाडीनं तिथं येतील. संग्रामदुर्ग त्या यादीत नाही. तिथं माझ्यानंतर त्या सकाळी एकच कुटुंब आलं. त्यांच्या मुलानं चिप्सचं रिकामं पाकीट गवतात टाकलं. गृहस्थांनी ते उचलून पोत्यात टाकलं, रागावले नाहीत, पुन्हा विळा घेऊन बसले. मुलगा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग जवळ जाऊन हळूच विचारलं, “काका, तुम्ही इथं काय करता?” आणि त्यांनी विळा परत बाजूला ठेवला. “ये, दाखवतो.”