माघार घेणारा भेकडच असतो का?



बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, मे महिन्यातली क्रिकेट स्पर्धा पाहायला आम्ही मैदानाच्या कडेला बसलो होतो. संघातला सर्वात चांगला फलंदाज अंतिम सामन्याला उतरलाच नाही. हातपाय धडधाकट होते. मागून कोणीतरी म्हणाले, "घाबरला!" सगळे हसले. खोटे कशाला बोलावे, आम्हीही हसलो. पुढच्या रविवारी त्याची आई मिस्सानंतर भेटली आणि म्हणाली, "फादर, तीन महिने तो रात्रीचा झोपलेला नाही."

ते हसू आम्हाला २०२१ साली पुन्हा आठवले. कोविडमुळे वर्षभर लांबलेले टोकियो ऑलिम्पिक चालू होते. २७ जुलैला महिलांच्या जिम्नॅस्टिक्सची सांघिक अंतिम फेरी होती. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर उडी घेतली. अडीच गिरक्या ठरल्या होत्या, पण हवेत तिची दीडच गिरकी झाली आणि ती कशीबशी पायांवर उतरली. रिओमध्ये २०१६ साली चार सुवर्णपदके जिंकलेल्या या मुलीने तिथेच थांबायचे ठरवले. पुढच्या तिन्ही प्रकारांत तिच्या जागी दुसऱ्या मुली उतरल्या. ती मैदानावरच थांबून त्यांना प्रोत्साहन देत राहिली. संघाला रौप्यपदक मिळाले. जगभरातून कौतुक झाले, तशी शिवीगाळही झाली: पळपुटी, देशाला दगा देणारी.

झाले होते ते असे. मनावर ताण असला की कधीकधी जिम्नॅस्टला हवेत असताना आपले शरीर कुठे आहे, जमीन कुठल्या बाजूला आहे, हेच कळेनासे होते. मन आणि शरीर यांची फारकत होते. अशा वेळी डोक्यावर पडले तर काय होते, हे एलेना मुखिना हिच्या आयुष्यात दिसले. १९७८ची ही सोव्हिएत विश्वविजेती. मॉस्को ऑलिम्पिकला दोन-तीन आठवडे राहिले असताना, जुलै १९८० मध्ये, पाय पुरता बरा झालेला नसतानाही तिच्याकडून सराव करून घेतला जात होता. एका अवघड उडीत तिची मान मोडली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुढची सव्वीस वर्षे, २००६ साली मरेपर्यंत, तिला चालता आले नाही.

आणि आम्हाला आवडणारी गोष्ट कोणती? केरी स्ट्रगची! १९९६, अटलांटा. पहिल्या उडीत घोटा दुखावलेला, तरी लंगडत जाऊन तिने दुसरी उडी मारली, आणि प्रशिक्षकाने तिला उचलून पदक घ्यायला नेले. त्या उडीवाचूनही संघाला सुवर्ण मिळालेच असते, हे गुणांची बेरीज केल्यावर दिसते. पंचवीस वर्षांनी बाइल्सवर टीका होत असताना याच स्ट्रगने तिला जाहीर पाठिंबा दिला. वेदना गिळणारा तो शूर आणि वेदना बोलून दाखवणारा तो भेकड, ही फूटपट्टी आम्ही प्रेक्षकांनी तयार केली आहे. बाकावर बसून ती वापरणे सोपे जाते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे धैर्यावरचे विवेचन आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांच्या मते धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे नव्हे, तर संकटासमोर टिकून राहणे. आणि जिथे भ्यायला हवे तिथे न भिणे, हाही एक दोषच आहे. बाइल्सची भीती खरी होती आणि तिचे कारणही खरे होते. ती भीती साऱ्या जगासमोर कबूल करून मैदानावरच थांबणे, यालाही आम्ही टिकून राहणेच म्हणतो.

यावर कोणी विचारील, "मग उद्या ज्याला कंटाळा आला तो मन ठीक नाही म्हणून घरी बसेल?" प्रश्न रास्त आहे. संघाला दिलेला शब्द ही लहान गोष्ट नाही. कंटाळा आणि आजार यांतला फरक बाहेरून नेहमी दिसतो, असा दावा आम्ही करणार नाही. पण दिसत नाही म्हणून आजार नाहीच असे धरून चालणे, ही चूक आम्ही एकदा केलेली आहे.

विराट कोहलीचे उदाहरण आपल्या मुलांना जवळचे वाटेल. २०१४च्या इंग्लंड दौऱ्यातल्या कसोटींत दहा डावांत त्याच्या १३४ धावा झाल्या. संघाबरोबर असूनही आपण अगदी एकटे पडलो होतो, आपल्याला समजून घेईल असा जाणकार माणूस तेव्हा नव्हता, असे त्याने पुढे सांगितले. पाठीवर थाप मारणारे पुष्कळ असतात. त्या थापेने झोप येत नाही.

आम्हा धर्मगुरूंकडून अशा वेळी आणखी एक चूक होते. "रोझरी म्हण, सगळे ठीक होईल," असे सांगून आम्ही माणसाला परत पाठवतो. रोझरी म्हणावीच. पण जुन्या करारातल्या सिराखच्या पुस्तकाचा ३८वा अध्याय घरी उघडून पाहा. आजाऱ्याला प्रार्थना कर सांगणारा तोच अध्याय वैद्याला त्याची जागा देण्यासही सांगतो. गुडघा सुजला तर आपण हाडांच्या डॉक्टरकडे जातो. तिथे कोणी आपल्या श्रद्धेची परीक्षा घेत नाही.

बाइल्स टोकियोतच आठवड्याभराने बॅलन्स बीमवर उतरली. शेवटच्या उडीतली गिरकी तिने गाळली आणि कांस्यपदक मिळवले. मग दोन वर्षे स्पर्धांपासून दूर राहून तिने उपचार घेतले. पॅरिसला, २०२४ साली, तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले. सांघिक अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी आपण आधी समुपदेशकाशी बोललो, हे तिने पत्रकारांना सहज सांगून टाकले. पदके मिळाली नसती तरी तिचा निर्णय योग्यच ठरला असता. आमचा तो फलंदाज पुन्हा कधी मोठ्या सामन्यात खेळला नाही. तो आता बरा आहे, झोपतो, असे त्याची आई सांगते.

सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ सालापासून चालू आहे. दूरध्वनीवर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक चर्चच्या दाराजवळच्या फलकावर, क्रिकेट स्पर्धेच्या वेळापत्रकाशेजारी लावला आहे. फलकासमोर उभे राहून लिहून घेताना कोणी पाहील, असे वाटत असेल, म्हणून इथेही देत आहोत: १४४१६.

आपले धर्मगुरू