चौथं प्रकरण कुणाचं?

भाची पीएच.डी. करते आहे. परवा रात्री तिच्यापाशी चहा ठेवायला गेले, तर ती कपाळाला हात लावून बसलेली. समोर तीन फायली, तिन्हींच्या नावात नुसतं ‘चॅप्टर ४’. त्यांतला एक परिच्छेद तिला आधाराला घ्यायचा होता. पण तो कुणाच्या प्रबंधातला, हे काही केल्या आठवेना.

फायली शोधगंगेवरून उतरवलेल्या. भारतातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांचं हे भांडार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र सांभाळतं. प्रबंध तिथे प्रकरणाप्रकरणानं, वेगळ्या फायलींत असतो. संशोधकाचं नाव, मार्गदर्शक, विद्यापीठ, सगळं भांडाराच्या पानावर नीट लिहिलेलं असतं. प्रबंधाचा कायमचा पत्ताही तिथेच असतो, १०६०३ या आकड्यानं सुरू होणारा. आपण घाईनं प्रकरण तेवढं उचलतो आणि नाव मागे राहतं. एका प्रकरणामागे कुणाची कितीतरी वर्षं असतात! ते नाव टिपायला अर्धं मिनिट पुरतं, फक्त ते तेव्हाच द्यायला हवं. ऑफिसच्या अहवालात एखादा आकडा घेतानाही तसंच. कुणी सांगितला, ते शेजारी लगेच लिहून ठेवावं.

आणि ज्याचं नाव द्यायचं, ते स्वतः उघडून वाचावं. दशांशचिन्ह चुकलं म्हणून पालकातलं लोह दहापट मानलं गेलं, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात ती आली, कसलाही संदर्भ न देता. पुढे कितीतरी अभ्यासकांनी एकमेकांच्या हवाल्यानं ती लिहिली. नॉर्वेच्या ओले ब्योर्न रेकडाल यांनी २०१४ मध्ये या सगळ्याचा माग दाखवून दिला. दशांशचिन्हाच्या त्या चुकीलाच पुरावा नव्हता. निष्काळजीपणा करू नका हे सांगायला वापरलेली गोष्टच न तपासता फिरत राहिली होती. मला नाही वाटत त्यांतलं कुणी मुद्दाम खोटं लिहीत होतं. प्रत्येकाला आधीचा माणूस विश्वासाचा वाटला, इतकंच.

भाची पुन्हा भांडारात शिरली. एकेक पान ताडून पाहता पाहता साडेअकराला तो प्रबंध सापडला. तिनं नाव, विद्यापीठ, वर्ष, क्रमांक वहीत उतरवला. फाईलला प्रबंध लिहिणाऱ्या बाईंचं आडनाव दिलं. मग म्हणाली, “मावशी, आता उरलेल्या दोन कुणाच्या तेही बघते,” आणि गार झालेला चहा पुढे ओढला.