इंजिनाचा ठोका आणि आमची सही

जे कोणी विचारले नाही ते आपण सांगितले नाही, तर तो खोटेपणा होतो काय? तरुणांच्या मेळाव्यांतून हा प्रश्न आम्हांला पुष्कळदा विचारण्यात आला आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही फार सहजपणे देत असू, हे कबूल केले पाहिजे. पदविकेच्या अभ्यासाच्या वेळी नीतिशास्त्राच्या तासाला घेतलेली टिपणे अशा वेळी कामी येत. पुढे हाच प्रश्न एका मालवाहू पिकअप गाडीच्या रूपाने आमच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मात्र टिपणे कामी आली नाहीत.

गाडी आमच्या भाच्याची. खानापूर तालुक्यातला हा मुलगा. बेळगावच्या बाजारात कोबी, बटाटे, मिरची भरायची आणि चोर्ला घाट उतरून पहाटे गोव्यात पोहोचवायची, हा त्याचा धंदा. परतीला नारळ मिळाले तर नारळ, कधी कोणाची फरशी, नाही तर रिकामी गाडी. गाडी पतपेढीच्या कर्जावर घेतलेली आणि कर्जाला जामीन आम्ही. तेव्हा या विषयात आम्ही तटस्थ आहोत असा गैरसमज वाचकांनी करून घेऊ नये. वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोवर. भाजीच्या धंद्यात वर्षे कधीच आधी संपत नाहीत. एकोणिसाव्या महिन्यात, ८१ हजार किलोमीटर झाले असता, इंजिन ठोकू लागले.

डिझेल इंजिनाला आवाज असतोच. त्यात ठिणगी नसते; हवा दाबून तापवायची आणि तीत डिझेल फवारायचे, अशी रचना. फवारा सुटल्यापासून पेट घेईपर्यंत जो क्षणाचा अंश जातो, तेवढ्यात साचलेले डिझेल एकदम भडकते. तोच आपल्या ओळखीचा खडखडाट. थंड इंजिनात तो जास्त, तापल्यावर कमी. पिस्टन किंचित सैल असला तरी सकाळी टकटक होते आणि तो तापून फुगला की थांबते. याने फारसे काही बिघडत नाही. नोझल गळत असेल किंवा डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ असेल, तर ठोका निराळा. पण कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. तो जड आणि खोल असतो, खालून कोणी हातोडी मारीत असल्यासारखा. वेग वाढवला की त्याची चाल वाढते, चढावर त्याचा जोर वाढतो, आणि इंजिन तापल्यावर थांबण्याऐवजी तो अधिकच स्पष्ट होतो, कारण गरम तेल पातळ होते व झिजलेल्या बेअरिंगमधली फट त्याला भरून काढता येत नाही. गावातल्या जुन्या मेस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून थोडा वेळ ऐकले व तो म्हणाला, "तिसऱ्याचा रॉड. भरून चालवू नको."

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्या खेपेस उत्तर मिळाले, "डिझेल आहे, आवाज येणारच." दुसऱ्या खेपेस त्यांनी तेल बदलून जरा घट्ट तेल घातले. ठोका दबला. भाच्याने घरी येऊन पेढे दिले. दोन हजार किलोमीटरांनंतर ठोका परत आला, आणि जॉबकार्डावर दोन्ही वेळा 'तपासले, ठीक' एवढेच लिहिलेले होते.

या घट्ट तेलापाशी आम्ही वाचकांना थोडे थांबवतो. ठोका बंद करणे आणि ठोक्याचे कारण दूर करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मोटारीच्या इतिहासाने फार मोठी किंमत घेऊन शिकवले आहे. पेट्रोल इंजिनातला ठोका हा वेगळ्या जातीचा. ठिणगीने पेटवलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी मोटारींना बॅटरीवर चालणारी प्रज्वलनाची यंत्रणा दिली, तेव्हा लोक ठोक्याचा दोष तिच्यावरच ठेवू लागले. केटरिंग यांनी आपले सहकारी टॉमस मिजली यांना शोध घ्यायला लावले, आणि दोष इंधनाचा निघाला. १९२१ च्या डिसेंबरात शिशाचे एक संयुग हाती लागले. अगदी थोड्या प्रमाणात घातले तरी इंजिन गप्प होई. शिसे विषारी आहे हे कोणास ठाऊक नव्हते असे नाही. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे संयुग तयार करताना पाच कामगार दगावले. मद्यार्क मिसळूनही ठोका थांबतो, हेही त्याच संशोधकांना माहीत होते. तरी जगभर गेले ते शिसेच. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. सर्वांत शेवटी अल्जीरियाने ते २०२१ साली बंद केले. इंजिने शांत चालली आणि त्या सर्व काळात शिसे मुलांच्या रक्तात उतरत राहिले.

अलीकडचे उदाहरण पिकअपचेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने २०२१ ते २०२४ या सालांतली, ६.२ लिटर इंजिनाची मोठी पिकअप व इतर वाहने परत बोलावली. एकट्या अमेरिकेत ती सुमारे ६ लाख होती. दोष आमच्या मेस्त्रीने सांगितला त्याच घराण्यातला, कनेक्टिंग रॉड व क्रँकशाफ्ट यांचा. तपासणीत जे इंजिन सदोष निघेल ते दुरुस्त करायचे किंवा बदलून द्यायचे, आणि बाकीच्यांत पूर्वीपेक्षा घट्ट तेल घालायचे, असे ठरले. म्हणजे तेथेही घट्ट तेल आहेच! परंतु का घालतो आहोत हे तेथे कागदावर लिहून दिलेले आहे. घट्ट तेल हे पाप नव्हे. ते घालून 'तपासले, ठीक' असे लिहिणे, यात काहीतरी चुकते.

असा राग मनात धरूनच आम्ही तिसऱ्या खेपेस भाच्याबरोबर गेलो. या वेळी मोठा क्लेम करायचा होता, म्हणून जॉबकार्डही मोठे होते. काउंटरवरचा मुलगा स्वभावाने चांगला. त्याने प्रश्न वाचले आणि उत्तरेही स्वतःच भरली. 'क्षमतेपेक्षा जास्त भार वाहिला आहे काय?' या प्रश्नापुढे त्याने 'नाही' लिहिले आणि कागद पुढे सरकवून म्हणाला, "काका, 'नाही' लिहिलंय. सही करा, म्हणजे पुढे पाठवतो."

भाच्याने आमच्याकडे पाहिले नाही. त्यावरून आम्ही समजलो.

बाहेर टायरांच्या ढिगापाशी उभे राहून आमचे बोलणे झाले. फरशीच्या तीन-चार खेपा त्याने घाट चढून आणल्या होत्या आणि दर वेळी भार क्षमतेच्या दीडपट तरी असावा. एकदा तेल बदलणे लांबले होते व ते रस्त्यावरच्या गॅरेजात, पावतीशिवाय झाले होते. "मामा," तो म्हणाला, "दोनदा त्यांनी खोटं लिहिलं, तेव्हा तुम्ही काही म्हणाला नाही. ह्या रस्त्यावरची कुठली गाडी मापात भरते, दाखवा मला. आणि खरं लिहिलं तर ते इंजिन बघणार आहेत काय? तेवढंच बोट दाखवून परत पाठवतील. खरं त्यांना कळायला नको आहे, नाकारायला पाहिजे आहे."

या शेवटच्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. जो सत्याचा उपयोग केवळ शस्त्रासारखा करणार आहे, त्याच्या हाती ते द्यावे काय? जुने नीतिवेत्ते या प्रश्नावर भांडत आले आहेत. पण त्यांचे वाद दारात आलेल्या खुन्याविषयी असतात. वॉरंटीच्या क्लेमविषयी नसतात. कंपनी खुनी नव्हे. तिने एक वचन दिले आहे, वचनाला अटी घातल्या आहेत, आणि त्या अटी न वाचता का होईना, आम्ही मान्य केल्या आहेत. शिवाय लेखाच्या आरंभीचा प्रश्न आता उरलाच नव्हता. न विचारलेले न सांगणे ही एक गोष्ट, आणि विचारलेल्याचे उत्तर दुसऱ्याने भरले म्हणून त्याखाली सही करणे ही दुसरी. अक्षर त्या मुलाचे असते, पण 'नाही' आपले होते.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात आली. आमची तक्रार काय होती? इंजिन जे सांगते आहे ते तुम्ही ऐकत नाही, उलट ते दाबता, ही. मग इंजिनाची अर्धी हकीकत आपणच दाबून त्यांना 'नीट ऐका' असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? जास्त भार, लांबलेले तेल, हे सगळे त्या ठोक्याच्या निदानाचे भाग आहेत. वैद्याला खाल्लेले न सांगता तो औषध चुकीचे देतो म्हणणाऱ्या रोग्यासारखे ते झाले असते.

'नाही' खोडून आम्ही लिहवले: 'तीन-चार वेळा जास्त भार, एक ऑईल बदल उशिरा व बाहेर.' भाच्याने सही केली. त्या मुलाने कपाळाला हात लावला.

आठ दिवसांत दोन ओळींचे पत्र आले. अतिभारामुळे क्लेम नाकारण्यात येत आहे. इंजिन उघडूनही पाहिले नव्हते.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. सत्य लिहिण्याचा आग्रह आमचा आणि हप्ता त्याचा. गाडी तीन आठवडे उभी राहिली. त्या काळात गोव्याचे दोन दुकानदार तुटले. उपदेश करणाऱ्याचे सत्य बहुधा दुसऱ्याच्या खर्चाने बोलले जाते, ही गोष्ट आम्ही इतकी वर्षे उपदेश करूनही ध्यानात घेतली नव्हती. जामीन या नात्याने दोन हप्ते आम्ही भरले. ती उदारता नव्हती.

मात्र त्या पत्राने दुसरा प्रश्न उभा केला. आपल्या चुकीमुळे दुसऱ्याचे वचन कितपत सुटते? आमचे मत असे झाले की, माझ्या चुकीने जेवढे बिघडले तेवढ्यापुरतेच. घराला कुलूप लावायला मी विसरलो म्हणून कच्ची बांधलेली भिंत पडल्याचा दोष गवंड्यावरून उतरत नाही. भाराने बेअरिंग गेले असेल तर ते आमचे. पण ते भाराने गेले हे इंजिन उघडल्याशिवाय कळणार कसे? आम्ही कंपनीच्या वरच्या कचेरीला तसे लिहिले, भाराची कबुली पुन्हा देऊन, आणि इंजिन दोघांसमोर उघडावे अशी मागणी केली. ती मान्य झाली. कबुली आधीच कागदावर असल्यामुळे लपवाछपवीचा आरोप करण्यास त्यांना जागा नव्हती, असे आम्हांस वाटते; अर्थात हा आमचा तर्क.

तेलाच्या चेंबरात चकचकीत कण होते. चार रॉडांपैकी तीन रॉडांचे बेअरिंग साफ, तिसऱ्याचे खाल्लेले. मेस्त्री आमच्याबरोबर आला होता. "भारानं किंवा तेलानं गेलं असतं तर चारींवर खूण असती," तो म्हणाला. कंपनीच्या इंजिनिअरने फोटो घेतले आणि तो काही बोलला नाही. भला माणूस दिसला. बोलण्याची त्याला मुभा नसावी.

पुढे कंपनीचे पत्र आले. सुट्या भागांचा अर्धा खर्च कंपनी 'सदिच्छा म्हणून' सोसेल, दोष मान्य न करता. आणि यापुढे या बाबतीत काही मागणार नाही असे मालकाने लिहून द्यावे.

कृपा हा शब्द आमच्या रोजच्या वापरातला. कृपा हक्कापेक्षा मोठी, असे आम्ही शिकत व शिकवीत आलो. पण कृपा तिचीच, जिला देणे लागत नव्हते. जे देणे लागतो त्यालाच सदिच्छेचे नाव दिले, की घेणाऱ्याला आभार मानावे लागतात आणि हिशेब मात्र कधीच लिहिला जात नाही. पुढच्या गाडीवाल्याला पुन्हा 'डिझेल आहे, आवाज येणारच' हेच ऐकावे लागते.

ग्राहक आयोगाकडे जावे काय, याची आम्ही चौकशी केली. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. स्वतः चालवून पोट भरणारा वाहनमालक हा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केलेले आहे; पण पावसाळ्यात भाच्याने पगारी ड्रायव्हर ठेवला होता, तेव्हा त्यावर वाद निघाला असता. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल तर गाडीच बदलून मागता येत नाही, असाही त्याच न्यायालयाचा २००६ सालचा निकाल आहे. तसे तर आम्हांला नकोच होते. आमचे म्हणणे होते की लढावे. भाचा म्हणाला, "मामा, मागच्या वेळी तुमचं ऐकलं. आता मला गाडी पाहिजे." त्याने सही केली. आम्ही शेजारी बसलो होतो आणि काही बोललो नाही.

गाडी आता चालते आहे. परवा पहाटे बाजारात आम्ही त्याच्याबरोबर होतो. थंडी होती. त्याने किल्ली फिरवली, इंजिन खडखडले, आणि त्याने बॉनेट उघडून आम्हांला हाक मारली. "हा नेहमीचाच ना, मामा?" आम्ही स्क्रूड्रायव्हर मागितला. गरम होईपर्यंत थांबू या, असे ठरवून दोघे चहाच्या गाड्यापाशी उभे राहिलो, कान इकडेच ठेवून.