संत्र्याच्या फोडी

दुसऱ्याच्या झाडाचा आंबा पाडणाऱ्याला आपण चोर म्हणतो. पण दुसऱ्यानं वाढवलेलं पोर घेऊन जाणाऱ्याला काय म्हणावं, हा प्रश्न मला पडला तो सिडनीत.

आमचे चिरंजीव तिथे असतात. ‘दोन वर्षांत परत येतो’ म्हणून गेले, त्याला अकरा वर्षं झाली. हा हिशेब हिचा. मी असलं काही मोजत नाही. वरचे महिने तेवढे माझ्याकडे आहेत.

घर सिडनीच्या पश्चिमेला, पेनरिथमध्ये. तिथलं दैवत म्हणजे रग्बी लीग. एका बाजूला १३ दांडगे. एकानं चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी त्याला आडवं करायचं. सहाव्यांदा आडवं केलं, की चेंडू त्यांचा. आपली कबड्डी आणि सकाळची लोकल यांचा संकर म्हणा ना!

शेजारच्या आजोबांनी कित्येक वर्षांचे रविवार पोरांच्या सामन्यांना मध्यंतरासाठी संत्री चिरण्यात घालवलेले. त्यांनी मला शिकवणी दिली. आधी गल्लीतले क्लब, मग १७ वर्षांखालचा संघ, मग १९, मग २१. एवढ्या चाळण्यांतून उरेल तो मोठ्या संघात. बरीचशी अशी घरचीच पोरं घेऊन पेनरिथनं २०२१ ते २०२४ सलग चार वेळा अजिंक्यपद मारलं.

“मग काय, मजा आहे तुमची!” मी म्हणालो.

“कसली मजा? क्रायटन २०२४ला बुलडॉग्जकडे गेला, लुआई २०२५ला वेस्ट्स टायगर्सकडे. दोघंही आमच्याच भागात वाढलेले.”

भानगड अशी, की एका क्लबनं खेळाडूंच्या पगारावर मिळून किती खर्च करायचा, याला तिथे मर्यादा असते. पोरं चांगली निघाली की सगळ्यांचेच भाव चढतात आणि सगळी ठेवून घेणं परवडत नाही. म्हणजे नीट वाढवलंत, भोगा!

मी तावातावानं म्हटलं, “अहो, संत्री तुम्ही चिरलीत. हक्क तुमचा!”

आजोबा म्हणाले, “संत्री खेळण्यासाठी दिली होती. राहण्यासाठी नव्हे.”

वाक्य झकास होतं, म्हणूनच मला पटलं नाही. क्लबाचं काय जातं? त्यांच्याकडे दरवर्षी १७ वर्षांखालचं नवं पीक येतं. आमच्याकडे एकच नग होता!

रात्री झोप लागेना. मग आठवलं, मीही गावाहून पुण्याला आलो तेव्हा ‘शिकून परत येतो’ असंच सांगितलं होतं. एसटी हलेपर्यंत वडील खिडकीशी उभे होते. परत ये, असं त्यांनी कधी पत्रातही लिहिलं नाही. वर्षं मोजत होते का, हे विचारायचं राहूनच गेलं.

रविवारी नातवाचा सामना होता. संत्री मी चिरली. मध्यंतरात त्यानं दोन फोडी उचलल्या. एक तोंडात घातली आणि दुसरी धावत जाऊन समोरच्या संघातल्या पोराला दिली.

मी काहीच बोललो नाही. ही मात्र म्हणाली, “अहो, संत्री डॉलरची आहेत!”